कराराबाहेरचा डोंगा

आमच्या घरी माझ्या संग्रहाला 'पसारा' म्हणतात. जुनी पुस्तकं, जुने नकाशे, जे काही असेल ते, सगळ्याला मिळून हा एकच शब्द. पोरगी त्याच्याही पुढे जाऊन 'पापा का कबाड़' म्हणते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच येतं. रायपुरात वाढलेल्या आमच्या पोट्ट्यांचं हे असंच आहे. मी रेल्वेच्या ऑफिसात जन्म काढून रिटायर झालो, तात्यापाऱ्यात दुकानांच्या वर आमचं घर आहे, अन् लिलावात जाऊन जुन्या वस्तू आणणं हा माझा एकुलता एक नाद. दारू नाही, पत्ते नाहीत, तंबाखू नाही. तर बायको म्हणते, "त्याच्यापरीस तंबाखू बरा होता, खिशात तरी मावला असता." आता बोला!

रायपुरातला लिलाव म्हणजे काही सूटबूट घालून खुर्चीत बसायचं काम नाही. कोणाचा जुना बंगला पडणार असतो, कुठल्या क्लबची लायब्ररी बंद होत असते. अंगणात सामान मांडतात, एकेका ढिगावर नंबराची चिठ्ठी चिकटवतात, अन् एक माणूस स्टुलावर उभा राहून 'बोलो भैया, बोलो!' करत घसा फोडतो. तो एक ढीग म्हणजे एक लॉट. उन्हात उभं राहायचं, धूळ खायची अन् बोली लावायची. आजकाल मोबाईलवरही लिलाव होतात. तिकडे कलकत्त्याचा माणूस इंग्रजीत बोलतो, इकडे आपण दिवाणावर बसून बटण दाबायचं. पहिल्या वेळी मी बटण दाबायच्या ऐवजी हातच वर केला. पोरगी हसून हसून लोळली, अन् पुस्तक दुसऱ्याच कोणाला गेलं.

या नादात माझा एक जोडीदार आहे. ब्राह्मणपाऱ्यात राहतो, सिंचन खात्यातून रिटायर झाला. सगळे त्याला भाऊ म्हणतात, मीही भाऊच म्हणतो. आमची ओळख अशी झाली की एका लिलावात एका मोठ्या लाकडी कपाटाच्या अल्याड मी उभा होतो अन् पल्याड तो. दोघं एकाच पेटीवर बोली चढवून राहिलो होतो, अन् समोर कोण आहे ते दोघांनाही दिसत नव्हतं. मी मनात म्हणत होतो, कोण भैताड आहे हा? तोही तेच म्हणत होता. शेवटी स्टुलावरचा माणूसच कंटाळला अन् म्हणाला, "अंकल, एक बार मिल तो लो!"

मिळालो, चहा प्यालो, अन् तिथेच करार झाला. आपसात बोली चढवायची नाही. पुस्तकं माझी, चिनी माती त्याची, अन् नकाशे पाळीपाळीने. एक त्याचा, एक माझा. तोंडीच करार, पण त्यावर आम्ही वर्षानुवर्षं सुखानं संसार केला. लिलाव झाला की त्याच्या घरी नाहीतर माझ्या घरी बैठक. पुस्तकांना कसर लागली का ते पाहायचं, बशी पालथी करून बुडाचा शिक्का वाचायचा, नकाशा जमिनीवर पसरायचा अन् चारी कोपऱ्यांवर वरवंटा, अडकित्ता, जे हाती लागेल ते ठेवायचं.

नकाशा कोणाच्याही पाळीचा असो, भाऊ आधी चष्मा कपाळावर ढकलणार, कागदाला नाक टेकवणार अन् अभनपूर शोधणार. त्याचा जन्म अभनपूरचा, वडील तिथे मास्तर होते. जुन्या नकाशात रायपूर सापडायचं, धमतरी सापडायची, राजिम सापडायचं, महानदी तर असायचीच. अभनपूर नसायचंच. मग भाऊ तापायचा. "हा गोरा झोपला होता का बे इथे? रायपूरहून राजिमले गेला कसा मग? उडून गेला?" असा तो एकेका नकाशावाल्याचा उद्धार करायचा, अन् मी त्याला आणखी चिडवायचो, की तेव्हा तुझं गाव वसलंच नसेल. त्यावर तो माझ्या घरचा चहा टाकून उठून जायचा अन् दुसऱ्या दिवशी परत यायचा.

असं सगळं छान चाललं होतं. मग तो डोंगा आला.

सिव्हिल लाईन्सकडे एक बंगला पडणार होता. सामान भरपूर. मी पुस्तकांची एक पेटी घेतली, भाऊनं ताटल्याबश्यांचा एक ढीग घेतला. अंगणातच एका निंबाच्या सावलीत बसून आम्ही आपापला माल उघडला. माझ्या पेटीत तळाशी, जाड जाड पुस्तकांच्या मधे, फडक्यात गुंडाळलेला चिनी मातीचा डोंगा निघाला. साहेब लोक सूप वाढायचे तसला, लांबट, खोलगट, दोन बाजूंना दोन कान, अन् पांढऱ्यावर निळी वेल काढलेली. वेल खालून चढत चढत काठापर्यंत येते अन् एका अर्ध्या पानाशी येऊन थांबते. उरलेलं अर्धं पान झाकणावर असणार हे उघडच होतं. अन् झाकण नव्हतं.

मी मान वर केली तर भाऊच्या हातात झाकण. निळी वेल, वर धरायला डाळिंबाच्या आकाराची मूठ. त्याच्या ढिगात निघालं होतं. सामान बांधणाऱ्यांनी कोणत्या अकलेनं एकाची दोन करून दोन लॉटमधे टाकली ते त्यांनाच माहीत.

"दे," भाऊ म्हणाला.

"काय दे?"

"डोंगा दे. करार हाये आपला. चिनी माती माझी."

"हा पुस्तकांच्या लॉटमधे निघाला. लॉट माझा."

"डोंगा काय पुस्तक हाये? वाचून राहिला का तू त्याले?"

"वाचीन नाहीतर त्यात आंघोळ करीन, तुले काय करायचं?"

"बिना झाकणाचा डोंगा घेऊन करशील काय?"

"अन् तू बिना डोंग्याचं झाकण घेऊन काय करशील?"

"दुधावर ठेवीन!" असा तो ओरडला, की स्टुलावरचा माणूस बोली सोडून आमच्याकडे पाहायला लागला. म्हणाला, "अंकल लोग, बाहर जाके लड़ो, यहाँ अगला नंबर लगा है।" आम्ही बाहेर गेलो नाही, तिथेच आणखी भांडलो. मी त्याला लबाड म्हणालो, त्यानं मला चोर म्हटलं, अन् दोघं दोन रिक्षांनी घरी आलो. मी आजही सांगून राहिलो, डोंगा पुस्तकांच्याच लॉटमधला होता. कोणालाही विचारा.

तेव्हापासून बोलणं बंद. लिलावात तो एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. कानावर आलं की तो ते झाकण खरंच दुधाच्या गंजावर ठेवतो. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी डोंगा कपाटात पुस्तकांच्या मधोमध मांडला, म्हणजे तो पुस्तकांतलाच आहे हे दिसावं. पण रोज कपाट उघडलं की ते अर्धं पान डोळ्यात खुपायचं.

अन् अशात मला तो नकाशा सापडला. दुपारी जेवून दिवाणावर पडल्या पडल्या मोबाईलवर लिलाव पाहत होतो. जुना, मागून कापड लावलेला, घडीचा नकाशा होता. सवयीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, रायपूर काढलं, तिथून राजिमच्या वाटेनं खाली सरकलो अन् मधेच थांबलो. बारीक इंग्रजी अक्षरं, बाजूला एक ठिपका. अभनपूर! मी उठून बसलो. हात वरबीर न करता बटण दाबलं अन् नकाशा माझ्या नावावर सुटेपर्यंत दाबत राहिलो.

पार्सल आलं. जमिनीवर पसरला, कोपऱ्यांवर वजनं ठेवली, बायकोला हाक मारली. "हे पाय, अभनपूर!" ती आली, पाहिलं, म्हणाली, "हो का? छान हाये. वरण उतू जाईन माझं." अन् गेली. पोरगी आली, तिनं फोन काढून माझ्या नाकासमोर धरला. "पापा, अभनपुर तो इसमें भी है। पेट्रोल पंप के साथ।"

खरं सांगतो, मला रडू आलं. अख्ख्या रायपुरात एकच माणूस होता ज्याला हा ठिपका दाखवण्यात मजा होती, अन् त्या माणसाशी माझं बोलणं नव्हतं. नुसतं एवढंच नाही. आधीचा नकाशा माझ्या पाळीचा होता, म्हणजे करारानं पाहिलं तर हा त्याचाच होता. पण करार त्यानं मोडला होता ना? मला चोर म्हणाला होता ना? मग मी काहून जाऊ? मी घडी घातली अन् नकाशा डोंग्याच्या बाजूला ठेवून दिला. पण कपाट बंद केलं तरी तो ठिपका काही डोक्यातून जाईना.

मग आमच्या घरातले डबे गायब व्हायला लागले. पहिले मोठा स्टीलचा डबा दिसेना, मग कडीचा, मग झाकणावर माझं नाव कोरलेला, जो ऑफिसात मी आयुष्यभर नेला तो. चिवडा पिशवीत यायला लागला. विचारलं की बायको म्हणायची, "घासाले टाकले." रोज डबे घासाले? घरात ज्याचा पसारा असतो त्यानं दुसऱ्याच्या डब्यांचा हिशेब विचारू नये, एवढं मला लग्नानं शिकवलं आहे.

एका सकाळी मी पेन्शनच्या कामानं बँकेत गेलो. परत आलो तर कपाट सताड उघडं. पुस्तकं जागेवर, नकाशा जागेवर, अन् मधे डोंग्याच्या बुडाएवढी स्वच्छ लांबट जागा. बाकी सगळी धूळ.

"डोंगा कुठे गेला?"

"भाऊजीकडे," बायको पोळी लाटता लाटता म्हणाली. "पाटोडीचा रस्सा पाठवला."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाऊ माळ्यावरची ताटली काढता काढता स्टुलावरून पडला होता, पायाला प्लास्टर. त्याची बायको पोरीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली, अन् ती धावत येईल म्हणून त्यानं तिला सांगितलंही नव्हतं. मेसचा डबा खाऊन दिवस काढत होता. आमच्या बायकोला हे मंदिरात कळलं. त्या दिवसापासून रोज पोरीच्या स्कूटीवरून तिकडे डबा जात होता, अन् मला पत्ता नाही.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्हाले सांगून काय होते? भांडण तुमचं, अन् उपाशी त्यायनं काहून राहायचं?"

"अरे पण डोंगा काहून? घरात डबे मेले का सगळे?"

"सगळे तिकडेच हायेत," ती म्हणाली. "परतच नाही आले."

आता इथे खरी गोम होती. आमच्यात भरलेलं भांडं आलं की ते रिकामं परत देत नाहीत. काही ना काही घालूनच द्यायचं. अन् भाऊला चहा सोडून काही येत नाही. घरात बाई नाही, पाय प्लास्टरमधे, भांड्यात घालणार काय? रिकामं द्यायची लाज, म्हणून तो एकेक डबा घासून, पुसून ओळीनं मांडून ठेवत गेला. आमचे डबे संपले, अन् रस्सा मावेल असं घरात एकच खोलगट भांडं उरलं.

"त्याच्यात बारीक बारीक भेगा आहेत! हळद शिरेल, मसाला शिरेल!"

"शिरू द्या. पिवळं झालं तर शुभच असते. एवढं चांगलं भांडं अन् नुसतं धूळ खात होतं."

तेवढ्यात पोरगी आली. हेल्मेट काढता काढता मोठ्या उत्साहानं सांगायला लागली. वरून स्टीलची ताटली ठेवून, फडकं बांधून तिनं डोंगा पायांच्या मधे ठेवून नेला होता. "पापा, काका ने रस्सा देखा ही नहीं, बर्तन ही देखते रहे। फिर लंगड़ी टाँग से अंदर गए, एक ढक्कन ले आए। और पता है? एकदम फिट!"

झालं. सगळं संपलं. डोंगाही तिकडे, झाकणही तिकडे. ज्यासाठी दोन शहाणी माणसं भर लिलावात एकमेकांच्या उरावर बसायला निघाली होती, ते माझ्याच बायकोनं रस्सा घालून त्याच्या घरी पोचतं केलं. मी म्हणालो, आत्ता जातो अन् घेऊन येतो. बायकोनं लाटणं खाली ठेवलं. "खबरदार! दिलेलं भांडं मागाले जात नाहीत. काही लाजलज्जा असते माणसाले. येईन ते आपसूक."

येईन म्हणे! मला भाऊ ठाऊक होता. माझ्या हातात झाकण पडलं असतं तर मी ते परत दिलं असतं का? विचार करायचीच गरज नव्हती. दोन-तीन दिवस माझा जीव टांगणीला. एक दिवस राहवलं नाही म्हणून फिरायला निघाल्यासारखा ब्राह्मणपाऱ्यात गेलो. भाऊ खिडकीत पाय वर करून बसलेला, अन् त्याच्या बाजूला खिडकीतच डोंगा, त्यावर झाकण. लांबूनही दिसलं, वेल कुठे तुटत नव्हती. त्यानं मला पाहिलं, मी त्याला पाहिलं. मग मी वळून कोपऱ्यावर केळी घ्यायला लागलो. गरज नसताना दोन डझन घेतली अन् घरी येऊन बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

रविवारी सकाळी खाली ई-रिक्षा थांबली. वाकून पाहिलं तर भाऊ. एक पाय प्लास्टरमधे, बाजूला पोत्याएवढी पिशवी, अन् मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी धरलेलं. रिक्षावाल्याच्या खांद्याला धरून जिना चढला, पण गुंडाळी त्याला धरू दिली नाही. पिशवी मात्र दिली.

माझ्याकडे न पाहता तो बायकोला म्हणाला, "वहिनी, उशीर झाला. मले येत काही नाही." पिशवीतून एकेक डबा निघाला. एकात मुरमुरे, एकात बिस्किटं, एकात साखर, एकात चहापत्ती. माझ्या नावाच्या डब्यात केळी कोंबली होती, तीही मुद्दाम. बायको हसून हसून बेजार. अन् मग त्यानं टॉवेल सोडला. डोंगा, अन् वर झाकण.

"झाकण काहून आणलं?" माझ्या तोंडून निघालंच.

"मग उघडं कसं आणू? रस्त्यानं उडालं असतं आतलं."

मी डाळिंब धरून झाकण उचललं. आत वाळलेला कडुनिंबाचा पाला. काठोकाठ, निवडून, काड्या काढून. पुस्तकांत घालतात, कसर लागू नये म्हणून, तो.

भाऊ भिंतीकडे पाहत म्हणाला, "पुस्तकांच्या लॉटमधला डोंगा हाये ना? मग पुस्तकांचंच टाकलं."

बायकोनं दोघांना चहा दिला. मग मी उठलो, कपाटातून नकाशा काढला, जमिनीवर पसरला, अन् कोपऱ्यांवर वजन म्हणून त्यानंच आणलेले डबे ठेवले. त्याला खाली बसता येत नव्हतं. स्टुलावरून वाकला, चष्मा कपाळावर ढकलला. मी काही सांगितलं नाही. रायपूरपासून त्याचं बोट निघालं अन् खाली सरकत सरकत थांबलं. कितीतरी वेळ ते तिथून हललं नाही.

"चुकलंच त्याचं," शेवटी तो म्हणाला. "थोडं डावीकडे पडलं. शाळा इकडे येते आमची." अन् बाहीनं डोळे पुसले.

"तुझा आहे तो," मी म्हणालो. "आधीचा माझ्या पाळीचा होता. हा तुझा."

"फुकट नाही घेणार."

"कराराचं बोलून राहिलो मी. गुपचाप घे."

त्यानं घेतला. रिक्षात बसताना नकाशा छातीशी धरला होता, अन् मांडी रिकामी होती. डोंगा अन् झाकण आमच्या टेबलावरच राहिलं. झाकण वापस दे असं काही तो म्हणाला नाही, अन् मीही विषय काढला नाही. तो गेल्यावर मी दार लावलं अन् कितीतरी वेळ ते पाहत बसलो. काठावरचं अर्धं पान, झाकणावरचं अर्धं पान, मिळून एक अख्खं पान. माझं, पूर्ण, माझ्या घरात.

सांजच्याला बायकोनं गोळाभात केला. डोंग्यातला पाला काढून माझ्या पुस्तकांत पसरला, डोंगा धुतला, पुसला, त्यात गरम गरम गोळाभात काढला अन् वरून फोडणीचं तेल सोडलं. तिनं झाकण हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं, अन् बाजूची स्टीलची ताटलीही पाहिली.

"कोणतं ठेवू?" तिनं विचारलं.

घशाशी आलं होतं, ताटली ठेव. देवाशपथ आलं होतं.

"झाकणच ठेव," मी म्हणालो. "उघडं कसं नेऊ? धूळ आहे रस्त्यानं."

पोरगी स्कूटीची चावी घेऊन आली, तिला म्हटलं, राहू दे. फडक्यात बांधून, दोन्ही हातांनी पोटाशी धरून मीच निघालो, एकेक पाऊल पाहून टाकत. तात्यापाऱ्यातून ब्राह्मणपाऱ्यापर्यंत येता जाता सगळे विचारून राहिले, "क्या ले जा रहे हो अंकल, इतना सँभाल के?"

"गोळाभात," मी म्हणालो.